बुचावरचा अंगठा

ओल्बिया
गालाक्सिओन महिन्याची सातवी

आर्खिप्पेला तिमारेतेचे आशीर्वाद.

नदीवरचा बर्फ फुटला आणि सगळ्यात आधी नुमेनिओसचं गलबत धक्क्याला लागलं. तुझं पत्र मिळालं. माझंच जुनं पत्र घासून त्याच शिशाच्या पत्र्यावर तू उत्तर लिहिलंस. घासताना माझ्या दोन ओळी तशाच राहिल्या होत्या, त्यामुळे तुझ्या द्राक्षांच्या हकिगतीत मध्येच मला माझी गुडघेदुखी वाचावी लागली. तुला सून करून आणलं तेव्हाच बाबा म्हणाले होते, ही पोरगी घर राखेल. राखलंस बाई. शिशाचा पत्रासुद्धा राखलास.

आता मुद्द्याचं. बसून वाच. लेओनाक्स तयार झाला.

नऊ वर्षं हा माणूस बधत नव्हता. पहिल्या नवऱ्याची मुलगी माझ्या चुलीपाशी नको, हे एकच पालुपद. म्हणून सहा वर्षांच्या थाल्लिसला तुझ्या हाती देऊन मी गलबतात चढले होते. तू तेव्हा स्वतःच नवी नवरी होतीस. त्या दिवसाबद्दल मी कधी बोलत नाही, आजही बोलणार नाही. पण या हिवाळ्यात हा छातीनं आजारी पडला, मी दोन महिने त्याचं सगळं केलं, आणि उठून बसल्यावर पहिलं वाक्य बोलला, "आण तुझ्या मुलीला." मला वाटलं तापात बरळतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर चिडून म्हणाला, एकदा सांगितलं ना.

मुलगाही पाहिलाय. पोसिदेओसचा थोरला. खारवलेल्या माशांचा व्यापार, नदीकाठी स्वतःचं घर, दात सगळे जागेवर. पुढच्या वसंतात नुमेनिओसबरोबर तिला पाठवा. म्हणजे एवढा एक हंगाम ती तुमच्याकडे. सोबत केशरी ओढणी पाठवतेय, लग्नात डोक्यावरून घ्यायची. जपून ठेव. कसर लागू देऊ नकोस, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे अर्धी कापून तुझ्या लेकीसाठी, मेलित्तासाठीही ठेवू नकोस.

गेल्या वर्षी तुम्ही पाठवलेल्या दारूच्या आठही घड्यांच्या मातीच्या बुचांवर तिचा अंगठा होता. ओल्या मातीत दाबलेला, आईला ओळखता यावा म्हणून. बूच फोडताना मी तेवढा तुकडा अख्खा काढते. आठही फडताळात एका ताटलीत ठेवलेत. माझी करंगळी त्यात नेमकी बसते. लेओनाक्स म्हणतो, जगातली बाई सोनं जमवते, तू बुचं जमवतेस.

शेवटचं. ती अंगानं बारीक आहे, तेव्हा तळघरातले रांजण धुवायला तिलाच उतरवत असाल, हे मला न सांगताही कळतं. मीही उतरायचे. पण बाबांचा नियम विसरू नका. आधी दोरीनं दिवा सोडायचा. तळाला जाईपर्यंत ज्योत सरळ राहिली तरच माणसानं उतरायचं. माझी मुलगी मला अख्खी हवी आहे.


थासोस
हेकातोम्बायोन महिन्याची विसावी

वन्संना आर्खिप्पेचा नमस्कार.

पत्रा घासला म्हणून बोललात ना. हेही तुमच्याच पत्रावर लिहितेय, आणि या वेळी तुमचे गुडघे नीट घासून काढलेत.

तुमची बातमी मी थाल्लिसला मळ्यात जाऊन सांगितली. हातातली टोपली तिनं खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि विचारलं, "मामी, त्या मुलाला माशांचा वास येतो का?" मी म्हटलं, येणारच. तर म्हणते, "मग मी दारूच्या वासाची, फिटंफाट." दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी मात्र अंजिराखाली एकटी बसलेली सापडली. आईचा चेहरा आठवत नाही म्हणाली. तुमचा आवाज आठवतो, हात आठवतो, चेहरा नाही. मी सांगितलं, पाण्यात पाहा, तोच आहे. खोटं नाही सांगितलं, वन्सं. ती तुमच्यावरच गेलीय, फक्त अजून जिभेला तेवढी धार नाही.

ओढणी पोचली. रोज एकदा पेटीतून काढून डोक्यावर घेते आणि मेलित्ताला नवरदेव करून घरभर फिरवते. मेलित्ता सात वर्षांची, तिला नवरदेव व्हायचा कंटाळा येतो, मग भांडण. अर्धी कापायची कल्पना मला सुचली नव्हती, पण तुम्ही आठवण केलीत हे बरं झालं.

रांजणांचं म्हणाल, तर होय, तीच उतरते. सहाच्या सहा रांजण तिचेच. दुसरं कोण मावणार त्या गळ्यातून? मी मावत नाही आणि तुमच्या भावाची तर एक मांडीच मावेल. तिला आवडतंही. गळ्यापर्यंत पुरलेल्या त्या रांजणात उतरली की गायला लागते. बाहेर चिमणीएवढा आवाज, आणि आतून देवळातल्या घंटेसारखा येतो. बाबांच्या चौथ्या रांजणातून सगळ्यात छान येतो म्हणते, तो शिशाचे टाके घालून सांधलाय त्यामुळे असेल. सगळं तळघर घुमतं. माझे कान किटतात. दिवा सोडतो हो आम्ही. मी स्वतः सोडते.

यंदा पीक भारी आहे. अब्देराचे व्यापारी आत्ताच येऊन पाच रांजण ठरवून गेले. भरले की त्यांची माणसं येऊन तोंडावर मोहोर लावतील. चौथा घरचा. तुमचे आठ घडे नेहमीप्रमाणे त्यातले. पण या वेळी घडे आणि मुलगी एकाच गलबतात चढतील, मग बुचांवर अंगठे कशाला, असं मी तिला म्हटलं. तर म्हणाली, "सवय आहे म्हणून."


ओल्बिया
बोएद्रोमिओन महिन्याची चौथी

आर्खिप्पे, आशीर्वाद.

नुमेनिओसची वर्षातली शेवटची फेरी आहे, घाईत लिहितेय. तुमची तोडणी आत्ता ऐन भरात असेल. इथे मी एक पलंग करून घेतलाय. लेओनाक्सनं स्वतः सुताराशी हुज्जत घातली, आणि मला वाटतं घरात मुलगी येणार म्हणून त्यालाच जास्त चेव आलाय. काल विचारत होता, तिला गोड काय आवडतं. मला सांगता येईना. सहा वर्षांची होती तेव्हा मधातले तीळ आवडायचे. अजून आवडतात का, ते कळव.

तिला सांग, आई रोज पाण्यात पाहते आणि तिला तिची आठवण येते. असं सांग. मला नीट लिहिता येत नाही, पण तू ते नीट सांगशील.

आणि दिवा.


थासोस
गालाक्सिओन महिन्याची तिसरी

वन्संना नमस्कार.

नुमेनिओसबरोबर आठ घडे पाठवतोय. मोजून घ्या. आठही बुचांवर अंगठा आहे.

थाल्लिस या फेरीला येत नाही. थंडीत तिला ताप आला होता. आता बरी आहे, पण समुद्राचा प्रवास झेपेल असं वाटत नाही. तुमच्या भावाचंही तेच मत. शिवाय सामुद्रधुनीत यंदा लुटारू फार आहेत म्हणतात. पुढच्या वर्षी पाहू.

तीळ आवडतात.

सगळं ठीक आहे. पत्रा नवा आहे, परत पाठवायची गरज नाही.


ओल्बिया
प्लिन्तेरिओन महिन्याची दहावी

आर्खिप्पे,

तुझ्या पत्रात आठ घडे, एक ताप आणि काही लुटारू एवढंच होतं. आणि नवा पत्रा. तू आणि नवा पत्रा! मी तो उलटसुलट करून पाहिला, म्हटलं कुठे तरी थट्टा लिहिली असेल. नव्हती.

मी धक्क्यावर उभी होते. नवं लुगडं नेसून. लेओनाक्सही आला होता, काठी टेकत. आठ घडे उतरले, मग मेंढ्यांची लोकर उतरली, मग नुमेनिओस उतरला आणि त्याच्या मागे कोणीच नाही. लेओनाक्सनं तिळाची पुडी आणली होती. ती त्यानं हमालाला दिली.

दारू मात्र अशी की मी जन्मात प्यायलेली नाही. घरचीच म्हणून सांगत नाही. पोसिदेओसला एक पेला दिला, तर म्हणाला ज्या घरचा रांजण असा, त्या घरची मुलगी पाहायचीसुद्धा गरज नाही. सात घडे पेल्यापेल्यानं गावात गेले. आठवा मी चुलीमागे वाळूत रोवून ठेवलाय, लग्नात फोडायचा. बुचावरचे सात अंगठे काढून ताटलीत ठेवले. हात चांगला भरलाय तिचा. तापातून उठलेल्या मुलीचा अंगठा एवढा जाडजूड, म्हणजे खायला घालतेस म्हणायचं.

हे सगळं मी गोड बोलले. आता दुसरं ऐक.

नुमेनिओस तुमच्या दाराशी गेला होता. दर वर्षी त्याला आत बसवून खायला घालता. यंदा दारातच पाणी दिलंत. त्यानं विचारलं, थाल्लिस कुठे आहे, आईला निरोप न्यायचाय. माझा भाऊ म्हणाला, झोपलीय. भर दुपारी, मळ्यात छाटणी चालू असताना. मग मेलित्ता मध्येच काही बोलायला लागली तर तिला आत ओढलंत. हे सगळं त्यानं मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा सांगायला लावलं.

आर्खिप्पे, मी लहान नाही. तुम्ही तिला देऊन टाकलीत ना कुणाला? शेजारच्या मळेवाल्याच्या त्या लंगड्या विधुराला? मळ्याला मळा जोडायला? माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते, बांधावरच्या झाडासाठीसुद्धा तो आईला विकेल. पण तू? केशरी ओढणी कुणाच्या पेटीत आहे आत्ता? खरं सांग. शिव्या मी देईनच, पण खरं सांग.


थासोस
हेकातोम्बायोन महिन्याची पंधरावी

वन्संना नमस्कार.

तुम्ही ओळखलंत.

लंगड्याला नाही दिली. समोरच्या किनाऱ्यावर, आत डोंगराकडे, घोडे पाळणारा एक माणूस आहे. घर चांगलं आहे. मागणी आली, तुमच्या भावानं हो म्हटलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. समुद्र बंद होता.

ती सुखात आहे. तिथून गलबतं येत जात नाहीत, म्हणून निरोप मिळत नाही.

ओढणी तिच्याच डोक्यावर आहे. ती मी कुणाला दिली नाही, एवढं तरी माझं खरं माना.

मला काय वाटेल ते बोला, वन्सं. मी ऐकून घेईन. नुमेनिओसनं विचारलं तर त्याला काही सांगू नका.


ओल्बिया
बोएद्रोमिओन महिन्याची दुसरी

आर्खिप्पे,

तू सांगितलंस म्हणून बोलते. पंधरा दिवस मी तुला शिव्याच देत होते, पत्र लिहायला घेतलं की शिशाचा पत्रा फाटायचा. नऊ वर्षं मी तुझ्या घरावर विश्वास ठेवला. माझी मुलगी तुमच्याकडे राबली, रांजण धुतले, टोपल्या वाहिल्या, आणि मी कधी म्हटलं नाही की तिला जरा सुखानं बसू द्या. म्हटलं, मामीच्या हाताखाली आहे, शिकेल. आणि जेव्हा तिची आई तिला हाक मारते, तेव्हा तुम्ही ती घोडेवाल्याला देता. तुझं तोंड पुन्हा पाहू नये असं मला वाटतं. पोसिदेओसकडे जाऊन मी मान खाली घालून सांगितलं. त्यानं मुलासाठी दुसरी पाहिलीसुद्धा. पलंग तसाच आहे, त्यावर लेओनाक्स झोपतो, म्हणतो पाठीला बरा.

हे झालं. आता राग थोडा बसलाय.

मुलगी जिवंत आहे, सुखात आहे, तर आईनं किती रागवायचं? मला नातवंड होईल, ते घोड्यांचे केस ओढेल. मी स्वतःला रोज हेच सांगते.

पण एक सांगते, हसू नकोस. परवा मी ताटली खाली काढली. जुने आठ आणि नवे सात अंगठे शेजारी शेजारी मांडले. जुन्यांत माझी करंगळी बसते. नव्यांत माझा अंगठा बसतो. एका हिवाळ्यात मुलीचा हात एवढा वाढतो का? मी शेजारणीला विचारलं, ती म्हणाली लग्न झालं की मुली भरतात. पण ही बुचं लग्नाआधीची की नंतरची? नंतरची असतील तर ती डोंगरातून तुमच्या तळघरात अंगठा दाबायला कशी आली? मी यावर विचार करायला लागते आणि मग उठून दुसरं काम काढते.

म्हणून एकच मागते. दुसरं काही मागत नाही, ओढणी नाही, माफी नाही. त्या डोंगरात माणूस पाठव. अक्रोडाएवढी ओली माती घे, तिला अंगठा दाबायला सांग, उन्हात वाळव, लोकरीत गुंडाळ, आणि वसंतात नुमेनिओसकडे दे. तो तुकडा मी ताटलीत ठेवीन आणि पुन्हा तुला एक शब्द बोलणार नाही.


थासोस
अन्थेस्तेरिओन महिना, रांजण उघडायचा दिवस

वन्सं,

आज गावात सगळीकडे रांजण उघडतायत. पोरं डोक्याला फुलं बांधून फिरतायत. तुमचे बंधू देवळात गेलेत. मी दार लावून बसलेय.

माती मी मळली होती. अक्रोडाएवढी, तुम्ही म्हणालात तशी. मेलित्ताला हाक मारली, ती आली, तिचा हात धरला. तिचा अंगठा बारीक आहे, बसला असता. तिनं विचारलं, "हे आत्याच्या थाल्लिसचं आहे का?" मी माती फेकून दिली.

थाल्लिस नाही, वन्सं. गेल्या वर्षीच्या आधीच्या तोडणीत गेली. तुम्ही पलंगाचं पत्र लिहिलंत ना, त्याच दिवसांत.

कसं ते सांगते. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तोडणीचा चौथा दिवस. पहिले तीन रांजण भरून झाले होते आणि आतला रस आंबून उकळायला लागला होता. चौथा, बाबांचा, आदल्या दिवशी धुतला. मी स्वतः दिवा सोडला. ज्योत तळापर्यंत सरळ गेली. ती उतरली, घासलं, आतून गरम डांबर फिरवलं, वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिलाच आठवलं की तळाशी तळहाताएवढी जागा डांबराची राहिली. मी कोपरापर्यंत द्राक्षांत होते. तिनं रांजणाच्या तोंडाशी बसून विचारलं, "मामी, दिवा?"

मी म्हटलं, "काल पाहिला ना. रात्रीत काय त्यात भूत शिरलंय?"

ती हसली आणि दोरी धरून उतरली.

वन्सं, भरलेला रांजण उकळतो तेव्हा त्यातून जे निघतं ते दिसत नाही. ते पाण्यासारखं जमिनीवरून वाहतं आणि जिथे खड्डा मिळेल तिथे उतरून बसतं. हे मला माहीत होतं. या बेटावर मेलित्ताएवढ्या पोरीला माहीत असतं. आदल्या दिवशी शेजारचे तीन थंड होते, त्या दिवशी उकळत होते. एवढंच.

ती गात होती. नवऱ्याकडच्यांना चिडवायचं लग्नातलं गाणं, त्यात हिनं मासे घातले होते. मग गाणं थांबलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कान किटले होते. मी आणखी दोन टोपल्या रिकाम्या केल्या. दोन, वन्सं. मी मोजल्या नव्हत्या, पण नंतर रिकाम्या टोपल्या पाहिल्या. मग हाक मारली.

गडी कमरेला दोरी बांधून डोकं खाली करून गळ्यात शिरला, खांद्यांशी अडकला, त्याला अर्धमेला वर ओढला. तिला आकड्यानं काढावं लागलं. सगळं झाल्यावर तुमच्या भावानं दिवा सोडला. तो गळ्यापाशीच विझला.

मग त्यांनी तळघराचं दार लावलं. तिसऱ्या दिवशी अब्देराची माणसं मोहोर लावायला येणार होती. ज्या तळघरात माणूस मेलंय तिथल्या रांजणावर कोण मोहोर लावेल? आणि मोहोर नाही तर विक्री नाही, कायदाच आहे. तुमचे बंधू म्हणाले, पोर परत येत नाही, वर्ष तरी वाचवू. म्हणून घरात कुणी गेलं की ठेवतात ते पाण्याचं मडकं आम्ही दाराबाहेर ठेवलं नाही. केस कापले नाहीत. कुणी मोठ्यानं रडलं नाही. मी रडले ते उशी तोंडात कोंबून. गावात सांगितलं, आईकडे गेली. तुम्हाला सांगितलं, ताप आलाय. मळ्याच्या उत्तरेच्या भिंतीजवळ, वेलींच्या तिसऱ्या रांगेत ती आहे. तिला मी धुतलं, मी नेसवलं. तुमची ओढणी तिच्या डोक्यावर आहे. तुम्ही विचारलं होतंत कुणाच्या पेटीत आहे, म्हणून मी तसं लिहिलं होतं. तेवढं खरं होतं.

तुमचे बंधू वर्षाच्या पिकासाठी गप्प राहिले. मी त्यांच्यामागे लपले. मडकं ठेवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, कशी गेली, आणि मला दिव्याचं ते वाक्य सांगावं लागलं असतं. तुम्ही घोडेवाल्यावरून शिव्या दिल्यात तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

अजून एक आहे. हे मी लिहू नये, असं मला दहा वेळा वाटलं. पण अर्धं सांगून मी पुन्हा खोटी ठरेन.

तो रांजण तुमच्या बंधूंनी समुद्राच्या पाण्यानं धुतला, गंधकाचा धूर दिला आणि सातव्या दिवशी भरला. रस थांबत नाही. बाकी पाचांवर मोहोर लागली, त्यांना हात लावता येत नाही. तुमचे आठ घडे त्या चौथ्यातले होते. मी म्हटलं, वन्संना नको पाठवायला. ते म्हणाले, नाही पाठवले तर ती विचारेल. बुचांवरचे अंगठे माझे.


ओल्बिया
गालाक्सिओन महिन्याची अठ्ठाविसावी

आर्खिप्पे,

तुझं पत्र मी एकदाच वाचलं. घासून परत पाठवत नाही. हा पत्रा माझ्याकडे राहील.

मी दाराबाहेर पाण्याचं मडकं ठेवलंय. दीड वर्ष उशिरा. येणारा जाणारा विचारतो, कोण गेलं. मी सांगते. माझी मुलगी गेली, थाल्लिस, थासोसला, माझ्या बापाच्या रांजणात, माझ्या भावाच्या घरी. मग विचारतात, कधी. तेही सांगते. मग ते बोटांवर महिने मोजतात, कारण गेल्या वर्षी त्यांच्यातल्या निम्म्यांनी ती दारू माझ्याकडूनच घेतली होती. पोसिदेओसच्या बायकोनं घरातले पेले फोडले. लेओनाक्स म्हणाला, बाजारात कशाला बोललीस, आता तुझ्या भावाच्या शिक्क्याचा घडा या धक्क्यावर कोणी उतरवून घेणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच बोलले. नुमेनिओस अब्देरालाही थांबणार आहे. त्याचं तोंड मी बांधलेलं नाही.

माझ्या भावाला लिहायचं काही नाही. त्यानं वर्ष वाचवलं, आता पुढची मोजत बसू दे.

तुला लिहिते, कारण तिनं दिव्याचं तुला विचारलं होतं. आणि कारण तू तिला धुतलंस.

मी प्यायले, आर्खिप्पे. पहिल्या दिवशी, पहिला पेला. थाल्लिसच्या संसाराला, असं म्हणून प्यायले. चव अजून तोंडात आहे. चांगली होती, हे मी तुला लिहिलंही होतं. ते पत्र असेल तर घासून टाक, तुला घासायची सवय आहे.

आठवा घडा नुमेनिओसबरोबर परत पाठवतेय. बूच उघडलेलं नाही, त्यावर तुझा अंगठा आहे. तो उत्तरेच्या भिंतीपाशी ने, तिसऱ्या रांगेत, भर दुपारी, गाव बघत असताना, आणि तिथे ओत. कुणाचं थडगं म्हणून विचारतील. नाव सांग, बापाचं सांग, आईचं सांग. अंगठा कुणाचा म्हणून विचारलं तर तेही सांग. मग केस काप. रिकामा घडा तिच्या उशाशी उभा कर. लग्नाच्या आंघोळीचं पाणी आणायला तिच्यासाठी कुणी घडा घेतला नव्हता, हाच असू दे.

ताटलीत आता आठच आहेत. तुझे सात मी नदीत टाकले.

मेलित्ता यंदा नऊची होईल. अंगठा बारीक आहे, असं तूच लिहितेस. आता थाल्लिस नाही, तेव्हा तोडणीला त्या गळ्यातून तीच मावेल, हे मला न सांगताही कळतं. दिवा सोड. रोज सोड, प्रत्येक रांजणाला सोड, ती पाय आत टाकेल त्याच घटकेला सोड. काल पाहिला होता, असं पत्र मला तुझ्याकडून पुन्हा नको.